बाबांची रशियन हेलिऑस लेन्स आजच्या मिररलेसला (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याला) लावायची आहे. जाणकारांनो, सांगा

भिलाईची_लेक

नमस्कार मंडळी. बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते. तिथे रशियन इंजिनियर कुटुंबांसह राहत आणि परत जाताना बरंच सामान विकून जात. त्यातल्या एकाकडून बाबांनी झेनिट-ई कॅमेरा घेतला. त्यावर मॉस्को ऑलिंपिकचं चिन्ह आहे. आमचं सगळं बालपण त्याच कॅमेऱ्यात आहे: मैत्रीबागेतले वाघ, कॉलनीतला गणपती, माझं बारसं.

आता आईबाबा नागपूरला असतात. दिवाळीच्या आवराआवरीत कॅमेरा सापडला. शटर अडकलंय, पण भिंग ठणठणीत दिसतंय. त्यावर हेलिऑस-४४-२, ५८ मिमी, एफ/२ असं कोरलंय आणि क्रमांक ७९ ने सुरू होतो. माझ्याकडे सोनी ए६४०० आहे. हे भिंग त्याला अ‍ॅडाप्टरने लागतं असं ऐकलं. प्रश्न असे:

कोणता अ‍ॅडाप्टर घ्यावा? कॅमेऱ्याला काही इजा होईल का? आणि खरं सांगा, फोटो चांगले येतात की नुसती हौस?

अनुस्वार

लागतं, आणि झकास लागतं. एम४२ (तुमच्या भिंगाचे ४२ मिमीचे आटे) ते सोनी ई (तुमच्या कॅमेऱ्याची कडी) असा साधा अ‍ॅडाप्टर घ्या, आत काच नसलेला. माझा हजाराच्या आतबाहेर पडला होता.

कॅमेऱ्यात आधी एक गोष्ट करा. मेनूमध्ये 'रिलीज विदाउट लेन्स' शोधून चालू करा. जुन्या भिंगात विजेचे संपर्क नसतात, त्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं लेन्स लावलेलीच नाही, आणि बटण दाबलं तरी तो ढिम्म राहतो. पहिल्या दिवशी याच कारणाने अर्धे लोक अ‍ॅडाप्टर परत पाठवतात.

मोकळा_वेळ

वाचनखूण साठवली. माझ्याकडेही काकांचं एक भिंग पडून आहे.

धोंडोपंत

हे का जमतं तेही सांगतो, म्हणजे पुढच्या खरेदीत फसगत होणार नाही. भिंग जिथे बसतं त्या कडीपासून फिल्मपर्यंतचं (आता सेन्सरपर्यंतचं) अंतर प्रत्येक माउंटला (भिंग बसवायच्या पद्धतीला) ठरलेलं असतं. एम४२ ला ते ४५.४६ मिमी. सोनी ई ला फक्त १८ मिमी, कारण मधला आरसाच गेला. म्हणजे साडेसत्तावीस मिमी जागा मोकळी राहते आणि ती भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे अ‍ॅडाप्टर. त्यात जादू काही नाही.

आरशाच्या कॅमेऱ्यात मात्र ही जागा मिळत नाही. कॅननच्या ईएफ माउंटला ४४ मिमी लागतात, म्हणजे दीड मिमीची पातळ चकती मावते, निभतं. निकॉनच्या एफ माउंटला ४६.५ मिमी लागतात. तिथे हेच भिंग सेन्सरपासून गरजेपेक्षा लांब बसतं, मग जवळचं स्वच्छ दिसतं पण दूरचा डोंगर कधीच फोकसमध्ये येत नाही. त्यावर उपाय म्हणून काच घातलेले अ‍ॅडाप्टर मिळतात, पण ती स्वस्त काच भिंगाचं सगळं तेज घालवते. निकॉनचे झेड कॅमेरे १६ मिमीचे, त्यांना काहीच अडचण नाही.

खटक्यावर_बोट

विरोधी मत नोंदवतो, ताई रागावू नका. सोनीसाठी ५० मिमी एफ/१.८ ची ऑटोफोकस लेन्स मिळते. हेलिऑसपेक्षा कडेपर्यंत धारदार, उन्हातही कॉन्ट्रास्ट टिकतो, मुलांच्या मागे फोकस आपोआप धावतो. मी दोन वर्षं जुन्या भिंगांचा नाद केला. अकरा भिंगं जमली. शेवटी पुतणीच्या मुंजीत... चुकलो, पुतण्याच्या मुंजीत, मातृभोजनाचा एकही फोटो धड आला नाही. सगळ्यांच्या डोळ्यांऐवजी कानांवर फोकस. त्या दिवशी ठरवलं की पुन्हा न होणाऱ्या प्रसंगाला ऑटोफोकसच न्यायचा.

अनुस्वार

@खटक्यावर_बोट, मुंजीच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. पण एफ/२ वर (एफचा आकडा लहान तेवढं भिंगाचं भोक मोठं आणि स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद) उघडं ठेवून समारंभ टिपायला गेलात तर भिंगाने काय करावं? एफ/५.६ ला कानही आले असते आणि डोळेही.

खटक्यावर_बोट

कार्यालयात संध्याकाळी एफ/५.६? मग आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) आभाळाला टेकतो. माझा मुद्दा कायम.

रानवारा

ड्रेस्डेनहून लिहितोय. नोकरीसाठी इथे आलो आणि रविवारच्या जुन्या बाजारात एम४२ चा खजिना बघून वेडाच झालो. प्राक्टिका आणि पेंटाकॉन हे कॅमेरे याच गावचे.

हेलिऑसचा मूळ पुरुष येनाचा आहे. कार्ल झाइसच्या विली मेर्टे यांनी बांधलेलं बायोटार ५८ मिमी एफ/२ हे १९३० च्या दशकातलं. युद्धानंतर रशियनांनी झाइसची यंत्रं आणि तंत्रज्ञ सोव्हिएत संघात नेले. झाइसच्या सोन्नार भिंगावरून युपिटर आलं आणि बायोटारवरून हेलिऑस. ४४-२ तीन कारखान्यांत होत असे: मॉस्कोजवळ क्रास्नोगोर्स्क, वाल्दाय आणि मिन्स्क. ताई, भिंगाच्या पुढच्या पट्टीवर छोटं चिन्ह असेल. लोलकातून आरपार जाणारा किरण दिसला तर क्रास्नोगोर्स्क. क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा सालाचे असतात, म्हणजे तुमचं १९७९ चं.

भिलाईची_लेक

लोलक आणि किरणच आहे! बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "मला माहीतच होतं, त्याने सांगितलं होतं." त्याने म्हणजे त्या रशियनाने. पंचेचाळीस वर्षांनी!

कोकणकडा

सगळे अ‍ॅडाप्टरवर बोलताहेत, भिंग तपासायचं राहिलं. मी चिपळूणचा, त्यामुळे बुरशीवर अधिकाराने बोलतो.

अंधाऱ्या खोलीत जा. भिंगाचं अ‍ॅपर्चर (उजेडाचं भोक) पूर्ण उघडा आणि मागून मोबाइलची बत्ती तिरकी धरा. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा बर्फाच्या फांद्यांसारखे धागे दिसले की ती बुरशी. दोनचार धुळीचे कण दिसले तर सोडून द्या, फोटोत उमटत नाहीत. एकसारखं दुधाळ धुकं दिसलं तर ते मात्र प्रकाश आला की सगळा फोटो पांढुरका करतं.

मग अ‍ॅपर्चरची पाती पाहा. हेलिऑसला आठ असतात. जुनं वंगण वितळून त्यांवर तेलाचे ओघळ येतात. हेलिऑसची पाती हाताने फिरतात, त्यामुळे तेल असलं तरी चालून जातं. आपोआप मिटणाऱ्या भिंगात मात्र पाती चिकटून बसतात.

आणि चामड्याची पेटी असेल तर कॅमेरा त्यातून आजच बाहेर काढा. चामडं ओल धरून ठेवतं. माझं एक सुंदर १३५ मिमी त्या पेटीच्या मायेपोटी गेलं. वर्षभर पेटीत नीट जपून ठेवलं होतं, गणपतीला उघडलं तर मधल्या काचेवर जंगल. साफ करून घेतलं, पण बुरशीने काचेवरचा चकाकी रोखणारा थर खाल्ला होता. नक्षी गेली नाही.

रेवा_मिरज

@कोकणकडा, मग ठेवायचं कशात? आई म्हणते तांदळाच्या डब्यात.

कोकणकडा

तांदूळ नको. पीठ आणि धूळ आत जाते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, रंग बदलणारी सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहू द्या. त्याखाली फार नेऊ नका, वंगण सुकतं. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर भाजून परत वापरा (ती कढई नंतर स्वयंपाकाला नको). आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे भिंग वापरत राहणं. हवा आणि उजेड मिळाला की बुरशी धरत नाही.

धोंडोपंत

उजेडावरून आठवलं. उन्हात ठेवायचं म्हणून कोणी भिंग गच्चीत उघडं टाकू नका. ते भिंगच आहे, खाली सतरंजी असली तर जाळेल.

निळाई

इथे सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ हे जुनं जपानी भिंग वापरणारं कोणी आहे का? माझ्याकडचं चहासारखं पिवळं आहे. ऐकलं की ते किरणोत्सर्गी असतं. घरात लहान बाळ आहे, भीती वाटते.

धोंडोपंत

@निळाई, सात काचांची जी नंतरची आवृत्ती आहे तिच्यात थोरियमची काच आहे, हे खरं. थोरियम घातला की काचेचा अपवर्तनांक वाढतो पण रंग फाटत नाहीत, म्हणून त्या काळी अनेक कंपन्या वापरत. त्याच्याच किरणांनी काच वर्षानुवर्षं हळूहळू पिवळी पडते. कॅमेऱ्यावर लावून फोटो काढण्यात घाबरण्यासारखं काही नाही. काच फोडायची-घासायची नाही, डोळ्याला लावून तासन्‌तास बघत बसायचं नाही आणि बाळाच्या उशाशी ठेवायचं नाही, एवढं पाळा.

पिवळेपणा जातो. अतिनील दिव्याखाली काही दिवस ठेवा, चहाचं ताक होतं. दिवा चालू असताना त्याकडे बघायचं नाही.

निळाई

हुश्श. धन्यवाद पंत. बाळाच्या खोलीतून कपाट बदललं.

वारीचा_वाटसरू

@खटक्यावर_बोट यांच्याशी माझा निम्मा वाद आहे. हलत्या गर्दीत हाताने फिरवायचं भिंग निरुपयोगी, हे मला मान्य नाही. मी सहा वर्षं पालखी जुन्या २८ मिमीने टिपतोय, तीही फुल फ्रेमवर (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर).

भिंगावर अंतराची आणि खोलीची (कुठपासून कुठपर्यंत स्पष्ट येईल त्याची) पट्टी कोरलेली असते, ती आजच्या लेन्सवर क्वचित दिसते. एफ/८ लावायचं, फोकस सव्वातीन मीटरवर आणायचा आणि हात काढून घ्यायचा. मग साधारण दीड मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. दिवे घाटात माणसांचा लोंढा अंगावर येतो, तेव्हा ऑटोफोकस कधी झेंडा पकडतो, कधी तुळशीवृंदावन, कधी कोणाची छत्री. माझं भिंग काहीच शोधत नाही, ते तयारच असतं. एक आजी नाचता नाचता माझ्यापासून चार हातांवर आल्या, मी कॅमेरा डोळ्याला न लावताच बटण दाबलं. टाळ, हात, सुरकुत्या सगळं धारदार.

एक सूचना: भिलाईच्या ताईंचा सेन्सर लहान आहे. त्यावर पट्टीतली खोली एक स्टॉप (एफ आकड्याचा एक टप्पा) कमी धरा. एफ/८ लावलं असेल तर पट्टीवर एफ/५.६ च्या खुणा वाचायच्या.

खटक्यावर_बोट

@वारीचा_वाटसरू, हे मात्र पटलं. माझ्या अकरातलं एक २८ मिमी अजून आहे. यंदा सासवडपर्यंत येईन म्हणतो.

वारीचा_वाटसरू

या की! पावसाची पिशवी आणा. जुन्या भिंगाला पाण्यापासून वाचवणारी रबरी कडी नसते.

रेवा_मिरज

मूळ धाग्याकडे येते. हेलिऑसचं ते प्रसिद्ध गोल गोल फिरणारं बॅकग्राउंड ए६४०० वर दिसतं का? माझा कॅमेराही तसाच आहे.

रानवारा

थोडंच. ती भोवऱ्यासारखी पार्श्वभूमी चौकटीच्या कडांना जन्म घेते आणि तुमचा लहान (एपीएस-सी) सेन्सर कडाच कापून टाकतो. ५८ चं ८७ मिमी झाल्यासारखं दृश्य मिळतं. व्यक्तिचित्राला ते उत्तम, भोवऱ्याला अपुरं.

भोवरा हवाच असेल तर ०.७१ पट फोकल रिड्यूसर घ्यावा लागेल. त्यात काच असते आणि ती चित्र आक्रसून लहान सेन्सरवर बसवते. मग भिंग ६२ मिमीच्या आसपास वागतं आणि उजेडही एक स्टॉप जास्त येतो. पंतांनी वर निकॉनच्या काचेबद्दल लिहिलंय त्याच्या उलट हे. ती काच चित्र ताणते, ही आक्रसते. तरी पहिल्याच दिवशी घेऊ नका, आधी साधी नळी वापरून बघा.

आणि भोवऱ्यासाठी कृती अशी: एफ/२, माणूस दीड-दोन मीटरवर, मागे चारपाच मीटरवर पानांची जाळी आणि पानांतून झिरपणारं ऊन. कोऱ्या भिंतीपुढे हेलिऑस कितीही उघडलं तरी भिंतच दिसते.

अनुस्वार

मागे कडुलिंब असला की पुरे. बारीक पानं.

फिरस्ता_६२

वय नावातच आहे. डीएसएलआरवर हाताने फोकस करणं मला जमेनासं झालं होतं. त्यातला पडदा उजळ असतो पण फोकस नेमका कुठे आहे ते दाखवत नाही. मिररलेस घेतला आणि भिंगांचा डबा परत उघडला. डोळ्याशी छोटा पडदा, त्यात एका बटणावर चित्र कित्येक पट मोठं होतं आणि मला पापण्यांचे केस मोजता येतात. ताई, 'फोकस मॅग्निफायर' अंगठ्याजवळच्या बटणावर नेमा. 'पीकिंग' म्हणजे कडांवर रंगीत रेघा येतात तेही चालू करा, पण एफ/२ वर त्या रेघांवर विसंबू नका. त्या अंदाज सांगतात, नेमकं मोठं करूनच कळतं.

जुनी भिंगं कुठे मिळतात असं मला नेहमी विचारतात. मुंबईत फोर्टचा बोरा बाजार, तिथे दुकानदाराला माल ठाऊक असतो आणि भावही. चोर बाजारात मटन स्ट्रीटला नशीब. पुण्यात जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी सकाळी लवकर. कॅमेरा आणि बत्ती सोबत न्या आणि तिथेच लावून बघा. मला एकाने 'एम४२ च आहे साहेब' म्हणून एम३९ गळ्यात मारलं होतं. आटे पाहिले नाहीत, चूक माझी. घरी येऊन अ‍ॅडाप्टरमध्ये घातलं तर आतच पडलं.

धोंडोपंत

एम३९ वर जपून. त्यात दोन जाती आहेत आणि आटे दिसायला सारखे. जुन्या झेनिटचं एम३९ असेल तर ३९ ते ४२ ची कडी चढवली की काम होतं. पण रेंजफाइंडरचं (आरसा नसलेल्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याचं) एम३९ असेल तर त्याला २८.८ मिमीच अंतर लागतं, त्याचा अ‍ॅडाप्टर वेगळा. तशा काही भिंगांचा मागचा भाग कॅमेऱ्यात खोल शिरतो. कशालाही टेकत नाही ना, ते सावकाश फिरवून बघा.

मोकळा_वेळ

माझं निघालं! यशिका एफएक्स-३ वरचं ५० मिमी. हे एम४२ नाही ना?

धोंडोपंत

नाही. ते कॉन्टॅक्स-यशिका माउंट. आट्यांचं नसतं, फिरवून खटका बसतो. त्याचा अ‍ॅडाप्टर वेगळा घ्या. भिंग छान असतं.

हात_काळे

एक कळकळीची विनंती. फोकसची कडी जड फिरते म्हणून घरी भिंग उघडू नका. मी उघडलं. फोकसचे आटे एकाच जागेवरून सुरू होत नाहीत, त्यांना अनेक तोंडं असतात. उलगडताना दोन्ही नळ्या नेमक्या कुठे सुटल्या त्याची खूण केली नाही, तर परत बसवताना प्रत्येक तोंड लावून बघावं लागतं. माझे दोन रविवार आणि एक सोमवार त्यात गेला. शेवटी बसलं तेव्हा बायकोने पेढे आणले. उघडायचंच असेल तर पावलोपावली मोबाइलवर फोटो, टोकदार पेनाने खुणा, आणि जुन्या जपानी स्क्रूंना जपानी मापाचाच स्क्रू-ड्रायव्हर. साधा वापरलात तर डोकं झिजतं आणि मग स्क्रू निघतच नाही.

भिलाईची_लेक

मंडळी, परत आले. शनिवारी अ‍ॅडाप्टर मिळाला आणि लगेच नागपूर गाठलं.

@कोकणकडा, बत्तीची परीक्षा पास. बुरशी नाही, थोडी धूळ आणि पात्यांवर जरा तेल. पेटीतून बाहेर काढलंय. @अनुस्वार, ते 'रिलीज विदाउट लेन्स' सांगितलं नसतं तर मीही त्या अर्ध्या लोकांत गेले असते.

बाबांना धागा वाचून दाखवला, त्यांची एक पुरवणी आहे, त्यांच्याच शब्दांत: "कोणी दोन कड्यांचं सांगितलंच नाही. एक कडी खटखट वाजते, तिच्यावर आकडा लावून ठेवायचा. दुसरी गुळगुळीत फिरते. ती उघडायची, उजेडात फोकस करायचा, आणि डोळा न काढता अडेपर्यंत मिटायची. ती आकड्यावर आपोआप थांबते. मग फोटो." मी आकडा बघायला प्रत्येक वेळी कॅमेरा खाली घेत होते, ते बघून त्यांना राहवेना.

मग त्यांनी कॅमेरा घेतला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी फोटो काढला नव्हता. @फिरस्ता_६२ काकांनी सांगितलेलं मॅग्निफायरचं बटण अंगठ्याखाली दिलं. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती, मागे कडुलिंब. बाबा बराच वेळ कडी फिरवत राहिले. आई म्हणाली, "झालं का नाही?" ते म्हणाले, "थांब, उजव्या डोळ्यावर आणतो." एफ/२.८, १/२५० सेकंद. सेटिंग मीच वहीत लिहिलं, कारण फोटोत अ‍ॅपर्चरची नोंद येत नाही. बाबांच्या जुन्या वहीतही तशाच नोंदी आहेत, प्रत्येक फोटोसमोर आकडे आणि ऊन कसं होतं ते. त्याच वहीचं पुढचं पान घेतलं.

फोटो खाली चिकटवलाय. भोवरा फारसा नाही, रानवारा म्हणाले तसंच. पण आईच्या डोळ्यात अंगणाचं फाटक दिसतंय.

रानवारा

फाटकाच्या गजांचीसुद्धा मोजदाद होते! काकांना ड्रेस्डेनहून नमस्कार सांगा.

खटक्यावर_बोट

मोठा करून पाहिला. फोकस डोळ्यावरच आहे, कानावर नाही. काकांकडे शिकवणीला येऊ का?

फिरस्ता_६२

ऑपरेशननंतरचा पहिला फोटो? त्याची छापील प्रत काढा आणि काकांच्या वहीत लावा.

भिलाईची_लेक

काढायला दिलीय. बाबांनी आणखी एक प्रश्न दिलाय: पुढचं झाकण हरवलंय, कोणत्या मापाचं लागेल? आणि उन्हात फोटो पांढुरके येताहेत, ते का?

अनुस्वार

४९ मिमी. त्याच मापाचं आट्यांचं हूडही (भिंगापुढचं सावलीचं टोपण) घ्या. जुन्या काचेवरचा थर एकेरी असतो, तिरकं ऊन पडलं की फोटो फिकट पडतो. हूड येईपर्यंत बाजूला तळहात धरायचा.

भिलाईची_लेक

बाबा म्हणाले, "तळहाताचं मला सांगू नको, ते काम तुझी आई करायची."